पाचशे फुटांवर घाटकोपर

लँडिंग झालं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा उमटतो. चाकं टेकली त्या क्षणी विमान मिनिटाला किती फुटांनी खाली येत होतं, तो हा आकडा. एक छोटं फुकटचं टूल तो दाखवतं, आणि घरबसल्या विमानं उडवणाऱ्या आमच्या जमातीचा निम्मा जीव त्यात अडकलेला असतो. उणे १५० आला तर छान. शंभराच्या आत आला तर स्क्रीनशॉट. पन्नास-साठ आला तर त्याला 'बटर' म्हणायचं आणि दिवसभर मिरवायचं. चारशे आला तर कुणी बघायच्या आत टूल बंद करायचं.

खरं तर चारशेने काही मोडत नाही. प्रवासी विमानाचे पाय सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फुटांचा आपट सोसतील अशा हिशेबानेच बनवलेले असतात. पण हे मला कुणी सांगेपर्यंत बराच काळ गेला, आणि तोवर मी त्या आकड्याच्या मागे हात धुऊन लागले होते.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर २०२० च्या ऑगस्टमध्ये आला. तेव्हा सगळे घरातच होते. मीही एक जॉयस्टिक मागवली आणि बसले. आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहतो. इथल्या माणसाला विमानाचं अप्रूप नसतं. फोनवर बोलताना वरून विमान गेलं की आम्ही वाक्याच्या मध्येच थांबतो, आणि पलीकडचा माणूसही घाटकोपरचाच असेल तर तोही न सांगता थांबतो. मी मात्र लहानपणापासून मान वर करून बघणाऱ्यांपैकी. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा काय केलं असेल, तर मुंबईच्याच सांताक्रूझ विमानतळावर, रनवे २७ वर (२७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड), आमच्या घरावरून जाऊन उतरायचा घाट घातला.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. एका विमान कंपनीत इंजिनीअरिंगच्या बाजूला नोकरी करून निवृत्त झालेले. पायलट नव्हेत, पायलटांनी आपटलेली विमानं तपासणारे. हार्ड लँडिंगची नोंद झाली की टायर, गिअर, पंखांचे सांधे असं सगळं बघून सही करायची, हे त्यांचं काम होतं. सोसायटीच्या कसल्याशा कागदावर सही घ्यायला आले असताना माझ्या स्क्रीनवर उणे ७२ झळकत होता. मी कौतुकाच्या अपेक्षेने त्यांच्याकडे बघितलं.

"चाकं कुठे टेकली?" त्यांनी विचारलं.

"रनवेवर, काका."

"ते दिसतंय मला. रनवेवर कुठे?"

समोर उरलेली धावपट्टी त्यांनी बोटाने दाखवली. २७ ची लांबी साडेचौतीसशे मीटरच्या आसपास आहे. तिच्यातली अर्धी मी जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत घालवली होती. "हे लँडिंग नाही गं," काका म्हणाले, "ही विमान दमायची वाट बघणं झालं."

मग सही राहिली बाजूला आणि त्यांनी खुर्ची ओढली. एअरबस बंद. सेसना १७२ काढ, ते छोटं एका इंजिनाचं विमान. आणि सांताक्रूझ नको, जुहू.

जुहूची धावपट्टी जेमतेम अकराशे-साडेअकराशे मीटर. सेसनाला भरपूर, पण तरंगत बसायला परवानगी न देणारी. शिवाय काकांचा जुहूवर जीव. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ विमानातून इथेच उतरले, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मी त्यांच्याआधी तारीख म्हणते. जुहूची दुसरी ख्याती जरा वेगळी आहे. तिची धावपट्टी आणि सांताक्रूझची मोठी धावपट्टी साधारण एकाच दिशेच्या, मध्ये तीन-चार किलोमीटर अंतर. त्यामुळे सांताक्रूझला जायचं सोडून मोठी जेट विमानं चुकून जुहूला उतरल्याचे प्रकार घडलेत: १९५३ मध्ये एक कॉमेट आणि १९७२ मध्ये एक जपानी डीसी-८. ते डीसी-८ धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. सिम्युलेटरमध्ये धुरकट हवा लावून बघा, त्या पायलटांची दया येते.

सेसनाचा पाठ अगदी साधा होता. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या) पूर्ण खाली, स्पीड ६५ नॉट (तासाला ६५ सागरी मैल), आणि नजर एका जागी. ती जागा ठरवायला काकांनी मला मॉनिटरवर टिकली लावायला सांगितली. खरीच टिकली. विमान ६५ नॉटवर स्थिर करून नाक हलू द्यायचं नाही, आणि टिकलीखाली रनवेचा कुठला भाग येतो ते बघायचं. धावपट्टीवरचे ठळक आकडे टिकलीच्या वर सरकायला लागले, तर आपण अलीकडेच पडणार. टिकलीच्या खाली सरकले, तर पलीकडे जाणार. जागचे हलले नाहीत आणि नुसते मोठे होत गेले, तर आपण नेमके तिथेच पोचणार. हे वाचायला पोरकट वाटेल, पण उंची दाखवणाऱ्या तबकडीकडे बघून जे मला महिनोन्‌महिने उमगलं नव्हतं, ते टिकलीने एका रविवारी दुपारी दाखवलं.

आता ते आकडे जागच्या जागी ठेवायचे कसे? इथे हात उलटा चालतो. आपण खाली आहोत असं दिसलं की सहज प्रवृत्तीने स्टिक मागे ओढली जाते. नाक वर होतं, स्पीड पडतो, आणि विमान आणखीच खाली बसतं. सेसनात नाकाने स्पीड सांभाळायचा आणि थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाची पॉवर कमीजास्त करणाऱ्या दांड्याने, उंची. खाली आहोत? थोडी पॉवर. वर आहोत? थोडी काढ. 'थोडी' म्हणजे खरोखर थोडी, आरपीएमचा काटा शंभरभर हलेल एवढी, आणि मग थांबून परिणाम बघायचा. मी पॉवर द्यायचे, लगेच काही झालं नाही म्हणून आणखी द्यायचे, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम यायचा. काका मागून नुसते "थांब, थांब" करायचे.

ट्रिमचं प्रकरण यात सर्वांत वैतागवाणं. खऱ्या सेसनात स्टिअरिंगवर जो जोर येतो तो ट्रिमचं चाक फिरवून घालवतात, आणि हात मोकळा होतो. माझ्या जॉयस्टिकला स्प्रिंग आहे; ती सोडली की मधोमध येते, विमानाचं काही का होईना. म्हणून एका हाताने ट्रिम फिरवत दुसऱ्या हाताने स्टिक तेवढीच ढिली करत जावी लागते. भरीला माझी स्वस्तातली स्टिक मधोमधही स्वस्थ बसायची नाही. सेटिंग उघडलं तर रेघ एकटीच थरथरताना दिसायची. विकणाऱ्याने परत घेतली नाही. शेवटी डेडझोन, म्हणजे स्टिक हलली तरी विमान दाद देत नाही तो मधला भाग, जरासा वाढवला आणि सेन्सिटिव्हिटीची रेषा मध्यभागी सपाट केली, म्हणजे थोडा हात हलला तर नाकही थोडंच हलेल. नव्याने सुरू करणाऱ्याला मी हेच सांगीन, की सरावाआधी ही सेटिंग करा. थरथरत्या स्टिकने मऊ लँडिंग शिकणं म्हणजे निव्वळ मनस्ताप आहे.

काकांचा एक नियम मात्र वादापलीकडचा होता. पाचशे फुटांवर स्पीड, फ्लॅप, दिशा आणि खाली येण्याचा दर हे चारही जागेवर नसतील तर गो-अराउंड. पॉवर द्यायची, वर जायचं, पुन्हा यायचं. "पुढे सुधारेल" हे चालणार नाही. बऱ्याच विमान कंपन्यांचा नियमही असाच असतो: हवा स्वच्छ असेल तर पाचशे, ढगांतून येत असाल तर हजार. मला तो जाच वाटायचा. खेळच तर आहे, उतरू दे की एकदाचं. पण त्यामागचा हिशेब बघितला तर पटतो. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलं तर फरक दहा नॉटचा दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे विमानाच्या अंगात तिसऱ्या हिश्श्याने जास्त ऊर्जा शिल्लक. जमिनीजवळ, पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आलं की हवेचा अडसरही कमी होतो. ती जास्तीची ऊर्जा जाणार कुठे? तरंगण्यात. माझं ते उणे ७२ असंच जन्माला आलं होतं.

मग मी एकदा नकाशा उघडून मोजलं. तीन अंशांच्या उतारावर विमान एका सागरी मैलाला साधारण ३०० फूट खाली येतं. धावपट्टीच्या उंबरठ्यावर, म्हणजे ती सुरू होते तिथे, ५० फूट धरले, तर ५०० फूट म्हणजे उंबरठ्याच्या दीड सागरी मैल आधी, पावणेतीन किलोमीटर. रनवे २७ च्या उंबरठ्यापासून पूर्वेला तेवढं अंतर मोजलं की घाटकोपर स्टेशनच येतं. आयुष्यभर डोक्यावरून जी विमानं बघत आले, ती नेमकी काकांच्या नियमाच्या जागेवर येत होती!

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. आता काय बघायचं ते कळत होतं. चाकं बाहेर, फ्लॅप उघडलेले, आणि नाक जराही न हलता समोर. इंजिनाचा आवाज एकसारखा. एखाद्याच विमानाचा आवाज मध्येच वाढायचा-उतरायचा, आणि काका लगेच "हा शोधतोय अजून" म्हणायचे. बाकी सगळी रुळावरून गेल्यासारखी. उजवीकडे असल्फाची टेकडी सोडून ती पुढे दिसेनाशी व्हायची. "यांचं लँडिंग इथेच झालं," काका म्हणाले. "पुढे फक्त टेकायचं."

फक्त टेकायचं, हे म्हणायला ठीक आहे. फ्लेअर, म्हणजे शेवटच्या क्षणी नाक हळूच उचलून उतरण्याचा वेग मारणं, हे सिम्युलेटरवर खऱ्यापेक्षा अवघड आहे असं माझं मत झालंय, आणि कारणंही सरळ आहेत. जमीन किती जवळ आली हे खऱ्या पायलटला डोळ्यांच्या कोपऱ्यांतून कळतं, दोन्ही बाजूंची जमीन वर येताना दिसते. विमान बसायला लागलं की ते खुर्चीतून अंगाला जाणवतं. माझ्याकडे एक सपाट चौकोन आणि प्लॅस्टिकची खुर्ची. मी टिकलीकडे बघत बघत जमिनीत घुसायचे, नाहीतर घाबरून फार आधी ओढायचे. मग विमान वर फुगायचं आणि स्पीड संपून धप्पकन बसायचं.

दोन गोष्टींनी फरक पडला. पहिली, कॅमेरा. मी झूम जास्त ठेवला होता, तबकड्या वाचता याव्यात म्हणून. तो कमी केला, बसण्याची उंची थोडी वाढवली, म्हणजे धावपट्टीच्या दोन्ही कडा चौकटीत आल्या. दुसरी, नजर. उंबरठा ओलांडला की टिकली विसरायची आणि धावपट्टीच्या पार शेवटच्या टोकाकडे बघायचं. लोकलच्या दारात उभं राहून पायाखालच्या खडीकडे बघितलं तर नुसत्या रेघा दिसतात, लांबच्या सिग्नलकडे बघितलं तर गाडी किती वेगात आहे ते कळतं, तसंच. लांब बघितल्यावर कडा रुंदावताना दिसू लागल्या. त्या झपाट्याने पसरायला लागल्या की थ्रॉटल बंद आणि स्टिक मागे, पण एकदम नाही. थोडी, मग विमान बसायला लागलं की आणखी थोडी. विमान टेकवायचं नाही, टेकू द्यायचं नाही, आणि ते आपोआप टेकेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. स्टॉलचा, म्हणजे वेग फार कमी झाल्याचा, भोंगा कुरकुरायला लागतो आणि मागची चाकं लागतात. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी कोपऱ्यातला आकडा बघायला विसरले.

मग एअरबसकडे परत आले. फ्लायबायवायरचं ए३२०निओ फुकट मिळतं आणि मन लावून बनवलेलं आहे. इथे हाताने ट्रिम नाही, इंजिनाचा जोर (थ्रस्ट) स्वतःच सांभाळला जातो, त्यामुळे सेसनाचे निम्मे धडे मोडीत निघतील असं वाटलं होतं. निघाले नाहीत. उतरतानाच्या १३५ नॉट वेगाला पाचाने गुणा: मिनिटाला पावणेसातशे फूट, हा उतरण्याचा दर. सेसनाचे ६५ पाचाने गुणले तर सव्वातीनशे. समोरून वारा असेल तर जमिनीवरचा वेग कमी, म्हणून दरही कमी. धावपट्टीशेजारचे, आपण उताराच्या वर आहोत की खाली ते दाखवणारे, पापीचे चार दिवे दोन पांढरे-दोन लाल ठेवायचे. चारही लाल झाले तर फार खाली आलात.

एअरबसमध्ये एक गंमत आहे. ५० फुटांवर कॉम्प्युटर नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून नाक हळूहळू खाली न्यायला लागतो, मुद्दाम. का, तर पायलटला साध्या विमानासारखी स्टिक मागे ओढावी लागावी म्हणून. हे ठाऊक नसताना मी "विमान माझ्याशी भांडतंय" म्हणून सेटिंग खोदत बसले होते.

आणि जमिनीपासूनची उंची फुटांत मोजणारा तो कॉम्प्युटरचा आवाज. फिफ्टी, फोर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड (थ्रॉटल मागे घ्या). मिनिटाला सातशे फूट म्हणजे दहा फूट उतरायला सेकंदसुद्धा लागत नाही, त्यामुळे या शब्दांमधल्या अंतरातच सगळी बातमी असते. पन्नास-चाळीस-तीस सारख्या अंतराने आले पाहिजेत. तिसाला ओढायला सुरुवात केली की वीस आणि दहा यांच्यातलं अंतर जरासं लांबतं, तेवढंच हवं. तीस आणि वीसमध्येच मोठी पोकळी पडली तर तुम्ही आधी ओढलंत, आता तरंगणार. शब्द एकमेकांवर आदळले तर उशीर झाला, आवळून धरा. मी डोळे मिटून नुसते हे आवाज ऐकायचा सराव केलाय. काका त्याला ताल मोजणं म्हणतात.

एवढं झाल्यावर पावसाळा आला आणि मी लाइव्ह वेदर लावलं, म्हणजे बाहेर असेल तीच हवा सिम्युलेटरमध्ये. मुंबईचा वारा तेव्हा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. २४० अंशांवरून १८ नॉट असं आलं, की २७ च्या दिशेपासून तीस अंशांचा फरक, म्हणजे निम्मा वारा आडवा: ९ नॉट, डावीकडून. (दहा अंशांना सहावा हिस्सा, वीसला तिसरा, तीसला निम्मा, हा तोंडी हिशेब पुरतो.) विमान नाक डावीकडे वळवून तिरकं येतं, धावपट्टी काचेत उजवीकडे दिसते. टेकायच्या क्षणी उजव्या रडरने (शेपटीवरच्या उभ्या पात्याने) नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा डावा पंख उचलला जाऊ नये म्हणून स्टिक डावीकडे. माझ्या जॉयस्टिकमध्ये रडर म्हणजे मूठ पिळणं. उजवीकडे पिळत असताना तीच मूठ डावीकडे झुकवून बघा एकदा. मनगट ऐकत नाही. हे अजून मला नीट जमत नाही. पायाने चालवायची पॅडल्स घ्यावीत असं वाटतं, पण टेबलाखाली आईच्या शिलाई मशीनची पेटी आहे आणि ती हलणार नाही.

पावसातल्या एका लँडिंगला आकडा आला उणे ११०, आडव्या वाऱ्यात, जागेवर. मी खूश. काका नाहीत. ओल्या रनवेवर चाकं ठामपणे टेकवायची असतात, म्हणाले. अलगद टेकलं तर टायर पाण्याच्या थरावर सरकतं, फिरायला वेळ लावतं. पाय दाबले गेले नाहीत तर पंखांवरचे स्पॉयलर (पंखांची उचल मारणाऱ्या फळ्या) उघडायला उशीर, ब्रेकला पकड नाही. कोणत्या वेगापर्यंत टायर पाण्यावर तरंगू शकतं याचा एक ढोबळ हिशेब आहे: टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दाब साधारण २०० पीएसआय (चौरस इंचाला २०० पौंड) धरला तर १२७ नॉट येतात, म्हणजे टेकतानाचा वेग त्याच्या आसपासच. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं एक विमान याच २७ च्या टोकापलीकडे गेलं, आणि ऐन पावसाळ्यात मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांत आमच्या गच्चीवरून एकही विमान गेलं नव्हतं, ते मला आठवत होतं. कारण आता कळलं.

तेव्हापासून पावसात मी २०० ते २५० ला टेकते, आणि टूलमध्ये उंबरठ्यापासूनचं अंतरही दाखवायला लावलंय. ते ३०० ते ६०० मीटरमध्ये आलं तर काकांना फोटो पाठवते. ते अंगठा दाखवतात, कधी नुसतंच "स्पीड?" विचारतात.

सध्या सांताक्रूझच्याच दुसऱ्या धावपट्टीचा, रनवे १४ चा, सराव चालू आहे. तिची लांबी २,८७१ मीटर, रुंदीही २७ पेक्षा कमी, आणि अरुंद धावपट्टी बघून आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं डोळ्यांना वाटतं, म्हणून मी अजून उशिरा ओढते. समुद्रावरून वर्सोव्याच्या बाजूने आत यायचं. तिथे माझं ओळखीचं स्टेशन नाही. पाचशे फुटांची खूण अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगरच्या आसपास पडते असं नकाशा सांगतो. येत्या रविवारी काकांना घेऊन ती पक्की करायची आहे.